मार्केटिंगच्या पीएचडीत संख्याशास्त्र कशाला?

प्रश्न: माझी मुलगी बी.कॉम., एमबीए (मार्केटिंग) असून ऐरोलीला एका बँकेत अ‍ॅनालिटिक्सचं काम करते. तिला अमेरिकेत मार्केटिंगच्या पीएचडीला प्रवेश मिळालाय. तिथे एक मायनर विषय घ्यावा लागतो, आणि ती अप्लाइड स्टॅटिस्टिक्स घ्यायचं म्हणते. गणित तिचं बेताचंच. फायनान्स घेतलं तर नोकरीला बरं पडेल असं मला वाटतं. जाण्याआधी ठाण्यात डेटा सायन्सचा क्लास लावावा का?
– एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. आपल्याकडे यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीचं कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं, त्यात मायनर हा प्रकार सहसा नसतोच. अमेरिकेत बिझनेस पीएचडीची पहिली दोनेक वर्षं बहुतांशी वर्गातच जातात, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा आणि त्यानंतर प्रबंध. मायनर म्हणजे त्या काळात दुसऱ्या विभागात जाऊन केलेले साधारण तीन-चार कोर्स.

मायनर बघून नोकरी कोणी देत नाही. प्राध्यापकपदासाठी मुलाखतीत पाहतात तो उमेदवाराचा मुख्य शोधनिबंध. त्यामुळे 'नोकरीसाठी फायनान्स' हा हिशेब इथे लागू पडत नाही. शिवाय पीएचडीचं फायनान्स म्हणजे ताळेबंद वाचणं नव्हे. गणित टाळायला तिकडे गेलेली मुलं स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसपाशी, म्हणजे बेभरवशाने हलणाऱ्या किमतींच्या अवघड गणितापाशी, अडकतात.

संख्याशास्त्र कुठे कामाला येतं, ते तिच्याच क्षेत्रातून सांगतो. समजा, शाखेतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिल्याने ग्राहक टिकतात का, हे तिला तपासायचंय. 40 शाखा, प्रत्येकी 50 ग्राहक, एकूण 2,000. पण एका शाखेचे ग्राहक एकमेकांसारखे असतात: तोच मॅनेजर, तीच रांग, तोच परिसर. हे साम्य 0 ते 1 या मापावर अगदी थोडं, म्हणजे 0.05 धरलं, तरी प्रत्येक ग्राहकाचे शाखेतले बाकीचे 49 जण मोजून 1 + (49 × 0.05) = 3.45. आता 2,000 ला 3.45 ने भागा, साधारण 580 येतात. म्हणजे विचारलं 2,000 जणांना, पण माहिती हाती आली 580 जणांएवढीच. साधं रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते आकड्यांतून काढायची पद्धत) चालवलं तर सॉफ्टवेअर मात्र 2,000 धरूनच उत्तर देतं, वर ठळक निष्कर्षाचे तीन तारेही लावतं! जर्नलचा परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतो. मल्टिलेव्हल मॉडेलचा, म्हणजे ग्राहक आणि शाखा असे दोन्ही स्तर धरणाऱ्या पद्धतीचा, कोर्स केलेली मुलगी आकडे गोळा करण्याआधीच शाखा वाढवेल, कारण शाखेमागे ग्राहक वाढवून इथे फारसं हाती लागत नाही.

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. प्रशिक्षण कोणत्या शाखांना दिलं? ज्या आधीपासूनच चांगल्या होत्या त्यांना दिलं असेल, तर ग्राहक टिकल्याचं श्रेय प्रशिक्षणाला कसं द्यायचं? याला एंडोजेनिटी म्हणतात आणि बऱ्याच विद्यापीठांत हा भाग अर्थशास्त्र विभागाच्या इकॉनोमेट्रिक्समध्ये (अर्थशास्त्रासाठीचं संख्याशास्त्र) जास्त खोलात शिकवतात. म्हणून मायनर अप्लाइड स्टॅटिस्टिक्सचाच ठेवावा, पण त्यातला एक कोर्स अर्थशास्त्राचा चालतो का, हे तिने विचारून घ्यावं.

बाकी कोर्स तिचा कल कुठे आहे त्यावर ठरतील. ग्राहकवर्तनाकडे जाणार असेल तर प्रयोगरचना आणि स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग (समाधान, विश्वास अशा थेट न मोजता येणाऱ्या गोष्टींचे संबंध तपासायची पद्धत). आकडेवारीच्या मार्केटिंगकडे असेल तर बेझियन पद्धती (आधीचा अंदाज नव्या आकड्यांनी सुधारत जाणाऱ्या). मशीन लर्निंग सध्या सगळ्यांनाच हवंसं वाटतं, पण रिग्रेशन पक्कं होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

क्लासचं म्हणाल, तर पैसे घालवू नका. तिथे प्रामुख्याने सॉफ्टवेअर चालवायला शिकवतात, आणि ते ती नोकरीत रोज करतेच. कच्चं आहे ते कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमावर दोन्हींची व्याख्यानं फुकट आहेत, आर हे सॉफ्टवेअरही फुकट. तीन निरीक्षणांचं छोटं रिग्रेशन मॅट्रिक्स मांडून तिने एकदा हाताने सोडवावं आणि मग आरमधल्या उत्तराशी ताडून पाहावं. हे जमलं तर अप्लाइड कोर्सपुरती गणिताची भीती धरायचं कारण नाही. मात्र संख्याशास्त्र विभागाच्या स्वतःच्या पीएचडीवाल्यांसाठी असलेले थिअरीचे कोर्स चुकून घेऊ नयेत. नावं सारखीच असतात, फसायला होतं.

नोंदणीआधी तिने पीएचडी समन्वयकांना ईमेल करून आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: मायनरमुळे प्रबंध समितीवर त्या विभागाचा प्राध्यापक घ्यावा लागतो का, आणि थोडे जास्त कोर्स करून संख्याशास्त्राची मास्टर्स पदवी सोबत मिळते का. काही विद्यापीठांत मिळते. मात्र त्यापायी प्रबंध लांबून स्टायपेंडची वर्षं संपणार असतील, तर तो नाद सोडावा. इकॉनोमेट्रिक्सचा कोर्स मायनरमध्ये धरत नाहीत असं उत्तर आलं, तर मला कळवा. कोर्सची यादी नव्याने मांडावी लागेल.