जांभूळ, दुधीचा रस आणि बंद केलेल्या गोळ्या

अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनमुळे होणारी झीज, म्हणजे ऑक्सिडीकरण, रोखणारे घटक) आणि हृदय याबद्दलच्या पत्रांत पुन्हा पुन्हा तोच गोंधळ दिसतो, म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : कोकम, जांभूळ, आवळा यांत अँटिऑक्सिडंट असतात का?

असतात. खुशाल खा. मधुमेह असेल तर कोकम सरबतातल्या साखरेकडे मात्र लक्ष द्या.

प्रश्न : मग त्याच्या कॅप्सूल रोज घेतल्या तर? दुकानदार ‘हार्टसाठी उत्तम’ म्हणतो.

त्याला विकायच्या आहेत, म्हणून तो म्हणणारच. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात, तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि थर साचत जातो, हे खरे. त्यामुळे गोळीने हे थांबेल, अशी एके काळी आम्हा डॉक्टरांनाही आशा होती. ब्रिटनमध्ये २०,००० हून अधिक जणांवर अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना ५ वर्षे ई, सी जीवनसत्त्वे आणि बीटा कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट दिली. २००२ मध्ये निष्कर्ष आले : हृदयविकार कमी झाला नाही. फिनलंडमध्ये तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. फळात चोथा, पोटॅशियम असे बरेच काही असते, ते डबीत येत नाही. आधीच काही घेत असाल, तर ती डबी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : हृदयाची झडप बदलली आहे, वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू आहे. पालेभाजी बंद करू?

नको. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने या गोळीचा परिणाम बदलतो, म्हणून रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) वेळेवर तपासा.

प्रश्न : वडिलांना चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. दुधीच्या रसाने ब्लॉकेज विरघळतात असा मेसेज आला, म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्यात. चालेल का?

नाही. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या गोळ्या असतात, आणि त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच ठरवतात. गेल्या पावसाळ्यात एका काकांना असेच आणले होते. पिशवीत रसाची बाटली आणि गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या. स्टेंट पूर्ण बंद झाला होता. त्यांची मुलगी त्या पट्ट्या हातात धरून दाराशी उभी होती, ते मी विसरलेलो नाही. दुधीच्या रसाने ब्लॉकेज विरघळत नाहीत. वर दुधी कडू निघाला तर त्यातल्या कुकरबिटासिन या विषारी घटकाने रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणसे दगावलीही आहेत. कडू घोट लागला की थुंकून टाका. कडवटपणा मारायला त्यात आवळा-पुदिना घालणे तर फारच घातक, कारण मग कडू कळतच नाही. भाजी म्हणून दुधी उत्तम आहे. मेसेज पाठवणाऱ्यालाही हे कळवा.

प्रश्न : जिना चढताना छातीत दडपण येते, बसले की थांबते. पुढच्या महिन्यात मुलीचे लग्न आहे. तोवर ग्रीन टी घेऊ का?

हे दुखणे ग्रीन टीने जाणारे नाही. लग्नापर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. बसल्यावरही दडपण थांबेना किंवा घाम फुटला, तर लगेच १०८ ला फोन करा.