गरुडावर त्रिशूळ हाणलाय, खरा का खोटा?

प्रश्न (एक वाचक, परभणी) : काका नमस्कार, मी ऑनलाइन रशियाच्या जुन्या टपाल तिकिटांचं पाकीट मागवलं, सगळ्यांवर दोन डोक्यांचा गरुड आहे आणि काहींवर काळ्या शाईत त्रिशूळ उमटवलाय. मित्र म्हणायलाय रशियात त्रिशूळ कुठून येईल, तुला टोपी घातली. आजोबांच्या ट्रंकेत पण निजामाची तिकिटं निघाली, त्यावर उर्दूत काहीतरी छापलंय. ते पण असलंच काही आहे का?

उत्तर : मित्राला सांगा, त्रिशूळ रशियाचा नाहीच, युक्रेनचा आहे. कीवचा राजा व्होलोदिमिर, त्याच्या हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवर हेच चिन्ह होतं. 1918 ला युक्रेन वेगळा झाला तर पोस्टात साठा सगळा झारच्या गरुडाचा, आणि रशियातून तिकिटं आणून कुणी इथं खपवली तर पैसा तिकडं अन् टपाल वाहायचं युक्रेननं, म्हणून ऑगस्टमधे त्याच तिकिटांवर त्रिशूळ मारून घेतला. कीव, ओडेसा, खार्किव, पोल्टावा, जो तो आपापला ठसा वापरायला लागला, एकट्या कीवचेच तीन मुख्य प्रकार. त्यामुळं तुमच्या दोन तिकिटांवरचे त्रिशूळ वेगळे दिसले तर लगेच घाबरू नका.

घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. खालचं गरुडाचं तिकीट चिल्लर भावात मिळतं, जी काय किंमत आहे ती त्या शाईच्या डागाची, आणि रबराचा ठसा कोरायला कितीसा वेळ लागतो! नकली माल बक्कळ आहे. भिंग घ्या आणि आधी पोस्टाचा शिक्का बघा. त्रिशूळाची शाई शिक्क्याच्या वरून गेली असली, किंवा शिक्क्यावर 1912 सारखी तारीख किंवा सायबेरियातलं गाव निघालं, तर समजून जा, वापरून झालेल्या तिकिटावर मागाहून कुणीतरी हात मारलाय. मी स्वतः असं एक पान मोठ्या हौसेनं घेतलं होतं, अजून आहे अल्बममधे, पाहुण्यांना दाखवत नाही एवढंच.

आता आजोबांचं. तो उर्दू शब्द बहुतेक ‘सरकारी’ असणार, हापिसाच्या टपालासाठी छापायचे, म्हणजे खासगी पत्राला कुणी लावू नये. 1931 च्या मालिकेत आपलं दौलताबादचं चाँद मिनार एक रुपयावर आणि अजिंठा आठ आण्यावर आहे, ती बघा सापडतात का. त्यात एखादं अजून लिफाफ्यालाच चिकटलेलं असलं तर बाबांनो पाण्यात टाकून सोडवू नका, त्यावर परभणी, नांदेड, औरंगाबाद असा शिक्का असला तर मोकळ्या तिकिटापेक्षा अख्ख्या लिफाफ्यालाच जास्त विचारतात. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, लोक करायलेत म्हणून सांगतो.

त्रिशूळवाल्यांचे फोटो पाठवा, पण शिक्का स्पष्ट दिसेल असे.