ताई ची शिकताना आधी पाय, मग हात

ताई ची म्हणजे संथ, सलग हालचालींची चिनी व्यायामपद्धत. ती शिकताना नवीन माणूस बहुतेक वेळा हातांच्या हालचाली पाठ करायला धावतो. तसं करू नका. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं उभं राहणं आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, एवढंच करा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, माकडहाड खाली सोडलेलं, माथा वर ओढल्यासारखा. सुरुवातीला ५ मिनिटं पुरे.

गुडघ्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. पुढे वजन नेताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ नये, आत कलू नये. पावलाच्या दिशेतच राहावा. वजन असलेला पाय तसाच फिरवला की सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि दुखणं बहुधा इथूनच सुरू होतं. आधी वजन मागे घ्या, टाचेवर पाऊल वळवा, मग पुन्हा वजन द्या. धड वळवायचं ते कमरेतून, खांद्यांतून नाही.

श्वास नाकाने, आपोआप. तो हालचालीशी जबरदस्तीने जुळवायला गेलात तर छाती आवळते, खांदे चढतात, आणि ज्या शांतपणासाठी आलात तोच जातो.

पुढे यांग शैलीचा (ही ताई चीची एक प्रमुख शैली), १९५६ साली चीनमध्ये बसवलेला २४ हालचालींचा क्रम घ्या. सावकाश केला तरी ५-६ मिनिटांत होतो. आठवड्याला एकच नवी हालचाल. कंटाळा येईल, पुढे पळावंसं वाटेल. स्वभाव घडतो तो इथेच, तीच चूक रोज न चिडता दुरुस्त करताना. गुडघा कुरकुरला तर बैठक उंच ठेवा, म्हणजे गुडघे कमी वाकवा. तरीही दुखत राहिला तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.