उन्हाळ्यात माळावर पाणवठे केले तर पक्ष्यांचे प्रकार वाढतात का?

सोलापूरकडच्या कोरड्या माळावर पाणवठा केला तर पक्ष्यांचे प्रकार वाढतील का, असं तुम्ही विचारलंय. पाण्यावर पक्षी जमतील हे नक्की. प्रकार वाढतील का, हे मात्र पाणी कुठे आणि कसं ठेवता यावर आहे. मी सोलापूरचाच, नान्नजच्या माळावर नि हिप्परग्याच्या तलावावर नेहमी जातो.

पहिली गोष्ट, पक्षी खातो काय ते बघा. पखुर्डी, होला हे कोरड्या दाण्यांवर जगणारे, त्यांना उन्हाळ्यात रोज पाणी हवंच. पखुर्ड्यांचे थवे लांबून येतात, घाईघाईनं पितात आणि उडतात. पिलं लहान असली की नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून त्यांच्यासाठी पाणी नेतो. धाविक, खाटीक, भोवत्या यांना मात्र किडे, टोळ, सरडे यांतूनच बरंचसं पाणी मिळतं. म्हणून पाणवठ्यावर बसून केलेल्या मोजणीवर माळाचा हिशेब करू नका.

दुसरं, काठ. उजनी धरण तुडुंब असतं तेव्हा तुतवार, शेकाटे या काठच्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा नसते. पाणी उतरून गाळाची पट्टी उघडी पडली की तेच काठ गजबजतात, उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात.

आता मनाला लागलेली गोष्ट. माळढोक या मोठ्या माळपक्ष्यासाठी इथे नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झालं. माळढोकाला तलाव नको असतो, उघडं गवताळ रान हवं असतं. कालव्याचं, बोअरचं पाणी आलं तसे आजूबाजूचे माळ नांगरले गेले, ऊस आणि द्राक्षं उभी राहिली. शेतकऱ्यानं पाणी आल्यावर पीक घेऊ नये असं कोण म्हणेल? पण बगळे, साळुंक्या वाढल्या नि माळढोक दिसेनासा झाला, ही विविधतेतली वाढ मला मोजवत नाही. शिकार नि विजेच्या तारा हीही कारणं आहेतच.

तेव्हा पाणवठा करायचाच तर गवत मोडून करू नका. बशीसारखा उथळ, उतरत्या काठाचा करा, मध्ये दोन-चार दगड ठेवा. झुडपाला खेटून नको, तिथे मांजर दबा धरून बसतं. शेजारी प्लॅस्टिकचा कागद घातलेलं शेततळं असेल तर त्याच्या कडेवरून आत जाड दोरखंडाची जाळी किंवा पोत्यांची उतरण सोडा. त्या गुळगुळीत कडेवरून आत पडलेल्या जिवाला वर येता येत नाही.