हार्पोलच्या कबरीतली स्त्री ख्रिस्ती होती हे कशावरून ठरवलं?

मुख्य पुरावा क्रुसाचा. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये, हार्पोल गावाजवळ घरं बांधण्याआधी केलेल्या उत्खननात २०२२ साली ही कबर सापडली. मातीचे गोळे जसेच्या तसे उचलून प्रयोगशाळेत नेले आणि त्यांचे एक्स-रे काढले, तेव्हा आत एक मोठा, नक्षीदार क्रूस दिसला. त्यावर चांदीचे छोटे मानवी चेहरे आहेत! शिवाय कबरीत सापडलेल्या हाराच्या मधल्या सोन्याच्या पदकावरही लाल गार्नेट रत्नं बसवून क्रूस साकारलेला आहे.

हार सुमारे १३०० वर्षं जुना. त्यात रोमन नाणी, सोनं, रत्नं, काच यांपासून बनवलेली किमान ३० पदकं आणि मणी आहेत. एवढ्या ऐश्वर्यामुळे ती मठाची प्रमुख, राजघराण्यातली किंवा दोन्ही असावी असा अंदाज आहे. मला मठप्रमुखाची शक्यता जास्त पटते, कारण सातव्या शतकात राजघराण्यातल्या स्त्रियाच अनेकदा मठ चालवत.

तिच्या देहाचं मात्र फारच थोडं उरलं, फक्त दातांच्या एनॅमलचे, म्हणजे वरच्या कठीण थराचे, तुकडे. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या हाराचा फोटो बघत बसले होते.