रिमोटची गाडी घरी जोडताना: वाचकांचे प्रश्न

सुट्टीत मुलांना घेऊन आरसी, म्हणजे रिमोटने चालणाऱ्या, गाडीचं किट जोडायला बसलेल्या पालकांची पत्रं आली आहेत, काही मुलांनीही लिहिलं आहे. बहुतेकांकडे जपानच्या तामिया कंपनीची किट आहेत, म्हणून उत्तरं त्यांनाच धरून दिली आहेत. दुसऱ्या कंपनीच्या गाडीलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, मुलगा बारा वर्षांचा. पहिलं किट कोणतं घ्यावं? खोक्यात सगळं येतं का? (एक पालक, ठाणे)

गाडी कुठे चालणार, ते आधी ठरवा. सोसायटीचा सपाट रस्ता किंवा बास्केटबॉलचं कोर्ट असेल तर टीटी-०२. ही चार चाकांना ताकद देणारी, मधून दांडा जाणारी चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आहे. तिची जमिनीपासूनची उंची इतकी कमी की खडीवर ती पोटावर अडकते. मैदान मातीचं असेल तर ग्रासहॉपर घ्या. हे १९८४ सालचं मॉडेल कंपनीने २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. ताकद फक्त मागच्या चाकांना, चेसी टबासारखी आणि सुटे भाग कमी. नऊ वर्षांच्या मुलीला तिचा बराचसा भाग स्वतःच्या हाताने जोडता येतो, आणि पहिल्या गाडीत आम्हाला तेच सर्वात महत्त्वाचं वाटतं.

खोक्यात गाडी असते, पण ती चालवायला लागणारं सगळं नसतं. रिमोट आणि त्याचा संदेश घेणारा रिसीव्हर, स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि रंग हे वेगळं घ्यावं लागतं. मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी काही किटमध्ये असतो, काहींत नसतो. खोक्याच्या बाजूला छापलेली यादी दुकानातच वाचा. मुलं उत्साहाने जोडायला बसतात आणि सर्व्हो नाही म्हणून काम आठवडाभर अडतं, असं फार होतं.

टीटी-०२ ला सहा ते दहा तास धरा, आणि एका बैठकीत संपवायला जाऊ नका. पिशव्यांवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात. एका वेळी एकच पिशवी फोडायची. स्क्रू सुटे करून ठेवायला इडलीपात्राची थाळी उत्तम: एका खळग्यात एक माप. मॅन्युअलमध्ये स्क्रूची चित्रं खऱ्या मापाची छापलेली असतात. हातातला स्क्रू चित्रावर आडवा ठेवला की तो ८ मिमीचा की १० मिमीचा ते लगेच कळतं. हे काम धाकटीकडे द्या. एवढं बारकाईने मोठी माणसं सहसा मोजत नाहीत.

प्रश्न : स्क्रूची डोकी खराब होतात, आणि दोन ठिकाणी प्लास्टिकचे आटेच गेले. आमचं काय चुकतं? (एक वाचक, सांगली)

या दोन वेगळ्या चुका आहेत. डोकी खराब होतात ती स्क्रूड्रायव्हरमुळे. या किटमधले फुलीचे स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस असतात. आपल्या घरातला फुलीचा स्क्रूड्रायव्हर बहुधा फिलिप्स असतो. त्याचं टोक जपानी खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि खाच खाऊन टाकतं. ३ मिमीच्या स्क्रूला जेआयएस दोन नंबर आणि बारीक स्क्रूला एक नंबर, असे दोन आणा. या कामातली ही सर्वात उपयोगी खरेदी.

आटे जातात ते घाईमुळे. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू स्वतःच आटे कापत आत जातो. पहिल्यांदा घालताना त्याचं टोक साबणाच्या वडीवर घासा, दोन फेरे आत, अर्धा फेरा मागे असं करत न्या. डोकं टेकलं की थांबा. ‘आणखी थोडंसं’ म्हणून फिरवला की आटे गेलेच. मुलांना स्क्रूड्रायव्हर मुठीत धरू देऊ नका, तीन बोटांत धरायला लावा. मग जोर आपोआप कमी लागतो.

काढलेला स्क्रू परत घालायचा असेल तर आधी हलक्या हाताने उलटा फिरवा. एका जागी बोटाला बारीकसं ‘टक्’ जाणवेल, म्हणजे स्क्रू जुन्या आट्यांच्या तोंडाशी आला. तिथून सरळ फिरवा. असं केलं नाही तर तो दर वेळी नवे आटे कापतो आणि भोक सैल पडत जातं.

आटे गेलेल्या भोकात, खाली जागा असेल तर आधीच्यापेक्षा २ मिमी जास्त लांबीचा स्क्रू घाला. जागा नसेल तर टाचणीच्या टोकाने इन्स्टंट ग्लूचा एक थेंब भोकाच्या भिंतीला लावा, रात्रभर वाळू द्या आणि मगच स्क्रू घाला. हे काम मोठ्यांनीच करायचं. आणि स्क्रू सुटू नये म्हणून मिळणारं थ्रेडलॉक फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूला लावा. प्लास्टिकला लागलं तर त्याला तडे जाऊ शकतात.

प्रश्न : मी सहावीत आहे. माझी गाडी उजवीकडे खूप वळते आणि डावीकडे थोडीशीच. रिमोटवरचं ट्रिम पूर्ण फिरवलं तरी सरळ जात नाही. (एक विद्यार्थी, नाशिक)

तुझ्या सर्व्होचं शिंग, म्हणजे त्याच्या दांड्यावर बसणारा आडवा तुकडा, सर्व्हो मध्यावर नसताना बसवलं गेलं आहे. ही चूक ट्रिमने भरून निघत नाही, कारण ट्रिम फक्त किंचित फरकासाठी असतं. थोडं उलगडावं लागेल, पण अर्ध्या तासाचं काम आहे.

शिंगाचा मधला स्क्रू काढ आणि शिंग वर उचलून घे. रिसीव्हरमध्ये सर्व्होची वायर एक नंबरला आणि ईएससीची दोन नंबरला आहे ना, ते बघ. सर्व्होला वीज ईएससीकडूनच मिळते. गाडी उपड्या डब्यावर ठेव, म्हणजे चाकं हवेत राहतील. आधी रिमोट चालू कर, ट्रिम शून्यावर आण आणि मग गाडी चालू कर. सर्व्हो ‘झिर्र’ करून एका जागी थांबेल. तो त्याचा मध्य. आता आधी गाडी बंद, मग रिमोट बंद. यानंतर सर्व्होचा दांडा हाताने फिरवायचा नाही. मॅन्युअलमधल्या चित्रात शिंग ज्या कोनात आहे त्याच कोनात ते बसव आणि स्क्रू लाव. राहिलेला एखाददुसरा अंश ट्रिमने काढ.

शिंग दात्यांवर नीट बसत नसेल तर आतला प्लास्टिकचा तुकडा चुकीचा लावला असेल. सर्व्होच्या दांड्यावर दाते असतात, कंपनीप्रमाणे कमी-जास्त: फुताबाच्या २५, हायटेकच्या २४, सान्वाच्या २३. किटमध्ये असे दोन-तीन तुकडे येतात, तुझ्या सर्व्होला जुळणारा निवड. स्टिअरिंगचे दोन्ही दांडे मॅन्युअलमधल्या मिलिमीटरच्या मापाइतके आहेत का, तेही पट्टीने मोज. चाक पूर्ण वळवल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर रिमोटवर स्टिअरिंगची मर्यादा थोडी कमी कर. नाहीतर तो गरम होऊन जळतो.

डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे गेली तर काहीही उलगडू नकोस. रिमोटवर स्टिअरिंग उलटं करायचं बटण असतं.

प्रश्न : टीटी-०२ जोडली. मोटर घुमते, पण गाडी जागची हलत नाही. हलली तर धक्के देते. मोटर गरम होते. (एक पालक, कोल्हापूर)

मोटर लगेच बंद करा. पुढचा किंवा मागचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) उलट्या बाजूने बसला असण्याची शक्यता सर्वात जास्त. तसं झालं की पुढची चाकं मागे आणि मागची पुढे फिरू पाहतात, एकमेकांशी झुंजतात. बॅटरी काढा, गाडी उचला आणि मागची दोन्ही चाकं एकाच वेळी पुढच्या दिशेने फिरवा. पुढची दोन्हीही पुढेच फिरली पाहिजेत. एकच चाक फिरवून बघू नका: डिफरन्शियलमुळे शेजारचं चाक उलटं फिरतं आणि माणूस गोंधळतो. पुढची चाकं मागे फिरली तर एक गिअरबॉक्स उघडा. मोठा मुकुटासारखा गिअर मॅन्युअलच्या चित्रात कोणत्या अंगाला आहे ते पाहून फिरवून बसवा. दोन्ही डिफरन्शियल उलटे असतील तर गाडी नीट चालते, फक्त उलटी पळते. दिशा तेव्हा मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करून बदलता येते, पण हे फक्त ब्रश असलेल्या साध्या मोटरला लागू.

चाकं बरोबर फिरत असतील तर पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, बघा. त्याचा बारीक स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच आला पाहिजे. गोल बाजूवर आला तर दांडा आतल्या आत घसरतो. टीटी-०२ सोबत २२ दात्यांचा पिनियन आणि ७० दात्यांचा मोठा गिअर येतो. मोटर कोणत्या भोकांत लावायची हे पिनियनच्या दात्यांवरून ठरतं. भोक चुकलं की दाते एकमेकांवर दाबले जातात किंवा वरच्यावर खरडतात. दात्यांत कागदाचा कपटा घालून हाताने फिरवा: तो न फाटता चुरगळून बाहेर आला तर अंतर बरोबर.

चाकांचे नटही तपासा. पूर्ण आवळून मग थोडे सैल सोडायचे. टिचकी मारल्यावर चाक दोन-तीन फेरे फिरलं पाहिजे.

प्रश्न : लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीने गाडी जोरात पळते म्हणतात. मुलांच्या गाडीला घालावी का? (एक वाचक, बंगळुरू)

पहिल्या वर्षी नको. ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी घ्या. ३००० एमएएच क्षमतेची बॅटरी ३ अँपिअरने चार्ज केली तर तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. गाडी मंदावली की थांबायचं, गरम बॅटरी निवू द्यायची, मगच चार्जरला लावायची.

लिपोचा एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि ३ च्या खाली गेला की खराब होतो. ते थांबवणारा कट-ऑफ प्रत्येक ईएससीत नसतो. नसेल तर लिपो घालूच नका. असेल तर चार्जिंग मोठ्यांच्या देखरेखीखाली, फरशीवर, मातीच्या कुंडीत ठेवून करा. वापरायची नसेल तेव्हा ती दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवावी लागते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. उन्हात उभ्या मोटारीत तर कुठलीच बॅटरी ठेवू नका.

प्रश्न : बॉडीला मुलांनी आवडीने रंग दिला. पहिल्याच धडकेत पापुद्रे निघाले. (एक पालक, पणजी)

पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला साधा स्प्रे धरत नाही. त्यासाठीचा वेगळा रंग लागतो. तामियाच्या डब्यावर पीएस लिहिलेलं असतं. ग्रासहॉपरसारख्या कडक बॉडीला टीएस, आणि तो बाहेरून.

पारदर्शक बॉडी आतून रंगवतात. आधी भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. बोटांचं तेल राहिलं की तिथेच रंग सुटतो. काचांना आतून टेप लावा, कडा नखाने दाबा. गडद रंग आधी, फिका नंतर. पिवळा किंवा लाल असेल तर शेवटी मागून पांढरा द्या, नाहीतर काळी चेसी आरपार दिसते. एक जाड थर देऊ नका, चार-पाच विरळ थर द्या. बाहेरची संरक्षक फिल्म सगळ्यात शेवटी सोलायची. ती सोलायचा मान रंग देणाऱ्या मुलाचा. पणजीत पावसाळ्यात रंगाचं काम टाळा. दमट हवेत रंग पांढुरका पडू शकतो.

प्रश्न : प्लास्टिकच्या बुशऐवजी (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यांऐवजी) बेअरिंग इथे मिळतील का? (एक वाचक, मुंबई)

मिळतील. टीटी-०२ मध्ये ५×११×४ मिमीची बेअरिंग बसतात. दुकानात ‘एमआर ११५ झेडझेड’ मागा, नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला चौकशी करा. किती लागतील ते मॅन्युअलमधून मोजून घ्या, आणि जोडतानाच घाला. नंतर घालायची म्हणजे जवळजवळ सगळी गाडी पुन्हा उलगडावी लागते.