शून्याच्या उलटं काय?

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा सहावीत आहे. चाचणीत 'विरुद्ध संख्या लिहा' असा प्रश्न होता. दिलेल्या संख्या होत्या ८, –५ आणि ०. त्याने पहिल्या दोन बरोबर लिहिल्या, –८ आणि ५. शून्यासमोर मात्र 'नाही' लिहिलं आणि तिथे गुण गेला. घरी येऊन मला म्हणतो, "शून्य म्हणजे काहीच नाही, मंग काहीच नाहीच्या उलटं काय असन वं माय?" मला सांगता आलं नाही. शिवाय –७ ही संख्या –३ पेक्षा लहान कशी, हेही त्याला पटत नाही.
– एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, मुलाचं उत्तर चुकलं, पण तो विचार करून चुकला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. शून्यासमोर 'नाही' लिहिणारी मुलं दरवर्षी असायची, बहुतेकांनी घाईत लिहिलेलं. 'काहीच नाहीच्या उलटं काय' असं विचारणारी फार थोडी भेटली. त्याला रागावू नका.

अडचण 'उलटं' या शब्दाची आहे. बोलताना आपण ओल्याच्या उलट कोरडं म्हणतो, उन्हाच्या उलट सावली म्हणतो. गणितातलं विरुद्ध त्याहून नेमकं असतं : शून्यापासून तेवढंच अंतर, पण दुसऱ्या बाजूला. हे वहीत समजावू नका, घरात चालून दाखवा. तुमचा उंबरठा म्हणजे शून्य. तिथून अंगणाकडची पावलं धन, घरात जाणारी ऋण. मुलाला अंगणात चार पावलं जाऊ द्या आणि विचारा, याच्या विरुद्ध जागा कोणती? तो आत येऊन उंबरठ्यापासून चार पावलांवर उभा राहील. असं दोन-तीनदा झालं की त्याला उंबरठ्यावरच उभं करा. घरात आजी असतील तर उंबऱ्यावर उभं राहू नये म्हणून रागावतील, एवढ्यापुरतं त्यांना सांभाळून घ्या. आता विचारा, "उंबरठ्यापासून तू किती पावलं दूर?" एकही नाही. "मंग दुसऱ्या बाजूला तेवढीच पावलं जाय." तो जागचा हलणार नाही. शून्याची विरुद्ध संख्या शून्यच, ती अशी.

–७ आणि –३ चंही इथेच दाखवता येईल, पण गावातल्या मुलाला उधारीचं लवकर कळतं. एकाकडे दुकानाचे ७०० रुपये देणे, दुसऱ्याकडे ३००, आणि दोघांचेही खिसे रिकामे. जास्त खाली कोण गेला? मूल क्षणात सांगतं. सातशेचा आकडा मोठा, पण तो खड्ड्याच्या खोलीचा आकडा आहे.

उधारीवरून माझ्या वडिलांची आठवण येते. मी चौथीत असेन. कृषी केंद्राच्या वहीत आमच्या नावावर खत-बियाण्याचे ४२० रुपये होते. उलंगवाडी झाली, शेवटचा कापूस विकला, आणि बाबांनी घरी यायच्या आधी दुकानात ४२० रुपये मोजून दिले. ओसरीवर बसून आईला म्हणाले, "खातं निल झालं वं." मी विचारलं, निल म्हणजे काय? "त्या पानावर आता आपलं देणंही नाही, घेणंही नाही." वर्गात शून्य मिळालं की आम्ही रडायचो, आणि इथे बाबा शून्यावर खूश होते. –४२० मध्ये ४२० मिळवले की शून्य. जी संख्या मिळवल्यावर आपण शून्यावर येतो, ती आपली विरुद्ध संख्या, हे मी पुस्तकाच्या आधी त्या पानावर पाहिलं. आणि जो आधीच शून्यावर आहे, त्याला तिथे यायला काय मिळवावं लागेल? शून्यच.

आपल्या पुस्तकातले धन आणि ऋण हे शब्दही इथूनच आलेत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम आहेत : शून्यातून ऋण वजा केलं तर धन, धन वजा केलं तर ऋण, आणि शून्यातून शून्य वजा केलं तर शून्य. तुमच्या मुलाच्या चाचणीतल्या तिन्ही उत्तरांचा नियम यात आहे. त्याला हेही सांगा की शून्याला शून्याने भागलं तर शून्य येतं, असं ब्रह्मगुप्ताने लिहिलं होतं. आज गणित ते मानत नाही, त्या भागाकाराला किंमतच देत नाही. शून्यापाशी एवढा मोठा माणूसही अडखळला.

राहिलं 'शून्य म्हणजे काहीच नाही'. डब्यात शून्य लाडू असले तर काहीच नाही, हे खरं. पण मोजमापात शून्य ही एक जागा असते, आणि ती माणसांनी ठरवलेली असते. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे शून्य समुद्राच्या पातळीवर आहे. आपल्या विहिरीचं पाणी सांगताना आपण जमिनीला शून्य धरतो. मे महिन्यात पाणी ११ मीटर खाली गेलं तर –११, आणि त्याच जमिनीपासून ३ मीटर उंचावर टाकी असली तर ती ३ वर. शून्यावर जमीन आहे, ताई. तिथे आपण उभे असतो. शून्य स्वतः धनही नाही आणि ऋणही नाही, कारण बाजू त्याच्यापासून सुरू होतात.

आता एक पुढचं पाऊल, तो कंटाळला नसेल तर. वजा चिन्ह म्हणजे 'तोंड फिरव'. अंगणाकडे तोंड करून एकदा फिरला आणि चार पावलं चालला तर –४. दोनदा फिरून चार चालला तर कुठे पोहोचेल? –(–४) म्हणजे ४, हे पाठ करायला न लावता त्याच्या पायांना कळू द्या. उंबरठ्यावर उभा राहून कितीही वेळा फिरला, आणि एकही पाऊल टाकलं नाही, तर उंबरठ्यावरच राहील. म्हणून शून्यामागे वजा लिहून –० केलं तरी किंमत बदलत नाही. पुढच्या चाचणीत त्याने नुसतं ० लिहावं.